हेडफोनमध्ये सतत घुमणारा आवाज आणि माउस हलवला की किरकिर: मदत हवी

निषाद_कोमल

नमस्कार मंडळी, थोडं सविस्तर लिहितो म्हणजे परत परत विचारायला लागणार नाही.

असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, त्यात ग्राफिक्स कार्ड आहे कारण मुलगा गेम खेळतो. त्यातून यूएसबीने एक छोटा डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी डबी), डॅकमधून आरसीए केबलने वेगळा हेडफोन अँप (अँप्लिफायर), अँपला तीन पिनांची पॉवर कॉर्ड. हेडफोन ओपन बॅक, ३२ ओहमचे. डॅकला वेगळी पॉवर नाही, यूएसबीवरच चालतो. मागे ऑप्टिकलचं एक इनपुट आहे पण ते कधी वापरलं नाही.

आवाज दोन प्रकारचे येतात. एक म्हणजे सतत घुमणारा, ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिल्यावर येतो तसला, पण त्याला वर एक खरखरीत कड आहे. दुसरा बारीक किरकिरीचा, तो माउस फिरवला किंवा पान वरखाली केलं की बदलतो, गेम चालू असेल तर शिट्टीसारखा होतो. गाणं जोरात असेल तर दोन्ही झाकले जातात, पण मी ऐकतो मुख्यतः शास्त्रीय, जुनी खाजगी मैफिलीची रेकॉर्डिंगं, त्यात सुरुवातीला नुसता तंबोरा वाजत असतो आणि तिथेच हे जीव खातं. गवई काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळी पट्टीत) गातोय आणि खाली माझ्या घरातली वीज आपला वेगळाच सूर धरून बसली आहे.

केबल बदलून पाहिली, यूएसबीचं पोर्ट बदललं, ड्रायव्हर परत टाकला, काही फरक नाही. दुकानदार म्हणतो अँप बदला. घर जुनं आहे, वडिलांच्या वेळचं, पुढची एक खोली नंतर वाढवलेली. काय करू?

हेडफोनवेडा

सरळ सरळ ग्राउंड लूप आहे हा, म्हणजे उपकरणांचे ग्राउंड एकापेक्षा जास्त वाटांनी जोडले गेलेत आणि त्या वर्तुळात करंट फिरतोय. ऑनलाइन ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, स्वस्त असतो, आरसीएच्या मध्ये लावा, संपला विषय.

तारयंत्र

थांबा, काही विकत घेऊ नका अजून. तो आयसोलेटर म्हणजे आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज जातो हे खरं पण स्वस्तातल्यात गाभा इतका लहान असतो की खालच्या सुरांना तो सॅच्युरेट होतो, पखवाजाचा धुमा आणि तबल्याचा बायाँ दोन्ही पोकळ वाटायला लागतात. शास्त्रीय ऐकणाऱ्या माणसाने तो शेवटचा उपाय म्हणून ठेवावा. आधी आवाज कुठून शिरतोय ते शोधू.

निषाद, एक एक करून या गोष्टी बघा आणि इथे लिहा. घाई नको, एका वेळी एकच बदल करा, दोन केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

अँपच्या आरसीए केबली मागून काढून टाका, अँप चालू, हेडफोन कानाला, आवाज आहे का? मग केबली लावा पण डॅकची यूएसबी पीसीतून काढा, आता आहे का? मग सगळं लावून व्हॉल्यूमचं बटण शून्यापासून वर न्या. घुमणारा आवाज बटणाबरोबर वाढत असेल तर तो अँपच्या आधी कुठेतरी शिरतोय, आणि बटण कुठेही असलं तरी तेवढाच राहात असेल तर अँपच्या पोटातला आहे. या एका चाचणीने निम्मं काम होतं.

मग पीसी शटडाउन करा पण भिंतीवरचं बटण बंद करू नका. घुमतंय का? नंतर भिंतीवरचं बटणही बंद करा. घुमतंय का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हींची उत्तरं हवीत.

पीसीच्या जागी लॅपटॉप लावा, नुसत्या बॅटरीवर, चार्जर काढून. मग चार्जर लावून.

खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर जुना गोल फिरणारा डिमर टाइपचा असेल तर पंखा बंद करून ऐका. तसल्यातला ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) वीज सेकंदाला १०० वेळा मधेच कापतो आणि त्या प्रत्येक कापाची खरखर सगळ्या वायरिंगभर पसरते. आताचे पायऱ्यापायऱ्यांचे रेग्युलेटर कपॅसिटरवर चालतात, त्यांचा हा त्रास नसतो.

आणि शेवटचं, डॅक, अँप, पीसी, मॉनिटर यातलं काय कुठल्या बोर्डात लावलंय ते नीट लिहा. हे सगळ्यात महत्त्वाचं.

दूरसंचार_निवृत्त

मोबाईल अँपवर ठेवलेला नाही ना? टूजीवर असेल तर कॉल यायच्या आधी जो टर्र टर्र आवाज येतो तो त्याचाच, जीएसएमचा फोन ठरावीक वेळेने सिग्नल पाठवत राहतो, सेकंदाला २१७ वेळा, ते ऐकू येतं. पण तो सतत राहात नाही, त्यामुळे इथे कारण दुसरंच दिसतंय.

जुगाडू_नाशिक

मला सेम प्रॉब्लेम होता, अँपच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकली, दोन पिनांवर लावला, आवाज बंद. अर्थिंग तुटलं की लूप तुटतो, फुकटातलं काम आहे, अनेक जण असंच करतात.

फेज_न्यूट्रल

नाही. असं करू नका आणि कृपया कुणाला सांगूही नका.

मी सांगलीत वायरिंगची कामं घेतो, वीसेक वर्षं झाली, म्हणून कळकळीने लिहितोय. ती पिन बाकीच्या दोनपेक्षा लांब आणि जाड असते ती उगाच नाही, प्लग आत जाताना आधी अर्थ जोडला जावा आणि बाहेर येताना शेवटी सुटावा म्हणून. धातूच्या पेटीचा अँप आहे. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन ज्या दिवशी जाईल किंवा एखादी फेजची वायर सुटून पेटीला लागेल त्या दिवशी अर्थ असला तर फ्यूज जातो नाहीतर एमसीबी पडतो, माणसाला काही होत नाही. अर्थ नसला तर पेटीवर २३० व्होल्ट उभे राहतात आणि ते तसेच आरसीएच्या शिल्डमधून (केबलमधलं बाहेरचं धातूचं वेष्टण) डॅकवर, तिथून पीसीवर, आणि हेडफोनच्या जॅकच्या धातूवर. ते हेडफोन तुमच्या डोक्यावर आहेत. आवाज कमी झाला म्हणून बरं वाटतं पण धोका काही आवाज करून येत नाही.

जुगाडू भाऊ, तुमच्या अँपला आजच नवीन प्लग लावून घ्या, तीन पिनांचा, ही विनंती.

जुगाडू_नाशिक

हेडफोनच्या जॅकवर येईल हे डोक्यात आलं नव्हतं. उद्या लावतो.

निषाद_कोमल

सगळं करून बघितलं, बायकोची मदत घेतली कारण कानाला हेडफोन लावून मागे हात पोचत नाही. उत्तरं लिहितो.

आरसीए काढल्यावर अँप एकदम शांत, बटण पूर्ण वर नेलं तरी नुसतं शूऽऽ आहे ते पण कान देऊन ऐकलं तर. आरसीए लावून यूएसबी काढली तरी शांत. यूएसबी पीसीत घातली की लगेच घुमायला लागतं. बटण वर नेलं की वाढतं.

पीसी शटडाउन केला तर किरकिर गेली पण घुमणं तसंच!! हे मला कळलंच नाही, पीसी बंद असून कसं काय? भिंतीवरचं बटण बंद केल्यावर मात्र पूर्ण शांत.

लॅपटॉप बॅटरीवर, पूर्ण शांत, तंबोरा इतका स्वच्छ ऐकू आला की बराच वेळ तसंच ऐकत बसलो. लॅपटॉपचा चार्जर लावला की अगदी बारीक खरखर. पंख्याने काही फरक नाही.

बोर्डाचं असं आहे. पीसी, मॉनिटर, प्रिंटर, राउटर सगळं एका एक्स्टेंशनवर, ते एक्स्टेंशन दाराजवळच्या जुन्या बोर्डात. अँपची कॉर्ड तिथवर पोचत नव्हती म्हणून तो खिडकीखालच्या नव्या बोर्डात, तो बोर्ड खोली वाढवली तेव्हा केलेला.

आणखी एक, विचारलं नव्हतंत पण सांगतो. पीसीच्या कॅबिनेटला मागे उघड्या पत्र्याला हात लागला तर झिणझिण्या येतात, पावसाळ्यात जास्त. आम्हाला वाटायचं कॉम्प्युटरला असतंच थोडं.

तारयंत्र

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तेच तुमच्या आवाजाचं कारण आहे. कॉम्प्युटरला असं नसतं, नसायला पाहिजे. तुमच्या जुन्या बोर्डात अर्थिंगच नाहीये.

कसं ते सांगतो. पीसीच्या एसएमपीएसमध्ये (पॉवर सप्लायमध्ये), मॉनिटरमध्ये, प्रिंटरमध्ये, आत येणाऱ्या विजेवर एक फिल्टर असतो. त्यात फेज आणि पेटी यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर, न्यूट्रल आणि पेटी यांच्यामध्ये दुसरा. त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात. एसएमपीएसचा स्वतःचा कचरा अर्थमध्ये सोडायचा हे त्यांचं काम. साधारण २ ते ५ नॅनोफॅरडचे असतात. ४.७ नॅनोफॅरड धरला तर ५० हर्ट्झला २३० व्होल्टवर त्यातून एक तृतीयांश मिलिअँप वाहतो. हे प्रमाणात आहे, असं व्हायलाच हवं, पण ते वाहून जायला अर्थची वायर हवी.

आता अर्थच नाही. मग ते दोन कपॅसिटर २३० व्होल्टची मधोमध वाटणी करतात आणि पेटी ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी कमी म्हणून जीवघेणा झटका नाही, झिणझिण्या येतात. एक्स्टेंशनमध्ये सगळ्या अर्थच्या पिना आत एका पट्टीला जोडलेल्या असतात, त्यामुळे पीसी, मॉनिटर, प्रिंटर ज्यांना ज्यांना तिसरी पिन आहे त्या सगळ्यांची गळती त्या पट्टीवर एकत्र येते आणि तिला पुढे जायला वाट नाही.

वाट तुम्ही करून दिलीत. पीसीची पेटी, तिथून यूएसबीचा ग्राउंड, तिथून डॅक, डॅकमधून आरसीएचं शिल्ड, तिथून अँपची पेटी, आणि अँप नव्या बोर्डात आहे जिथे अर्थ आहे. म्हणजे त्या अख्ख्या टेबलाचं अर्थिंग तुमच्या गाण्याच्या तारेतून चाललंय. आरसीएमध्ये शिल्ड हीच सिग्नलची परतीची वायरसुद्धा असते, तिच्यावर जे व्होल्टेज पडेल ते अँपला गाण्याचाच भाग वाटतं.

आकडा काढून बघू. सगळं मिळून दीड मिलिअँप गळती धरा, केबल आणि तिचे सांधे मिळून ०.३ ओहम धरा, ०.४५ मिलिव्होल्ट झाले. डॅकचं पूर्ण आउटपुट २ व्होल्ट असतं, म्हणजे हा घुमणारा आवाज त्याच्या ७३ डेसिबल खाली. बऱ्यापैकी डॅकची स्वतःची खरखर ११० डेसिबल खाली असते. आणि मैफिलीची सुरुवात, नुसता तंबोरा, तो स्वतःच ४० डेसिबल खाली असेल तर फरक उरला तीसेक डेसिबलचा. ऐकू येणारच.

पीसी बंद असून घुमणं चालू राहतं त्याचं कारणही हेच, तो फिल्टर एसएमपीएसच्या अगदी तोंडाशी असतो, बटण चालू आहे तोवर त्याला वीज मिळते. खरखरीत कड म्हणता ती पण याचीच, कपॅसिटर ५० पेक्षा वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त वाट देतो.

यात अँपचा काही दोष नाही. दुकानदाराचं ऐकू नका.

कोमल_ऋषभ

तारयंत्र, फार छान समजावलंत. अवांतर लिहिते, पण गाणाऱ्यांना उपयोगी पडेल. ५० हर्ट्झचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनांचा सूर, १०० हर्ट्झ, आणि पांढरी पाच तिथे ९८ हर्ट्झला येते. म्हणजे वीज पांढरी पाचच्या किंचित वर घुमते. काळी एकच्या तंबोऱ्याला तो तीव्र मध्यम लागतो, जरा चढाच. निषादना इतका त्रास का होतोय ते कळलं, शुद्ध मध्यमाचा राग चालू असताना खाली तीव्र मध्यम धरून ठेवल्यावर कोण ऐकेल. मी काळी चारमध्ये गाते, मला तोच आवाज शुद्ध निषादाच्या जागी येतो, तोही चढा.

शिकागोतून

कोमल_ऋषभ, मस्त निरीक्षण. इकडे वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे घुमणं १२० ला येतं, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी, कुठल्याच पट्टीत धड बसत नाही.

निषाद_कोमल

इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. आता अर्थ नाहीये हे नक्की कसं तपासायचं? माझ्याकडे मल्टिमीटर आहे पण बोर्डात घालायची भीती वाटते.

फेज_न्यूट्रल

भीती वाटते ते बरंच आहे. हे काम वायरमनकडून करून घ्या पण काय तपासायला सांगायचं ते माहीत असू द्या, कारण बरेच जण टेस्टर लावून, फेज पेटतोय, सगळं ठीक आहे, म्हणून निघून जातात.

जुन्या घरांत नेहमी दिसतं ते हे की दोनच वायरी ओढलेल्या असतात, पुढे कधीतरी दोन पिनांचं सॉकेट काढून तीन पिनांचं बसवलं जातं आणि वरच्या भोकाला मागे काही जोडलेलंच नसतं. बोर्ड उघडल्यावर लगेच दिसतं, हिरवी वायर आहे का नाही. काही ठिकाणी तर न्यूट्रलवरूनच तुकडा मारून अर्थला जोडतात, ते सगळ्यात वाईट, न्यूट्रल कुठे तुटला तर सगळ्या पेट्यांवर फेज येतो. असं दिसलं तर ताबडतोब काढायला लावा.

मल्टिमीटरवर फेज ते अर्थ २३० च्या जवळपास आणि न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत यायला हवं. पण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या, नावापुरत्या अर्थवरही तो २३० दाखवतो. म्हणून आम्ही टेस्ट लॅम्प लावतो, १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब, फेज आणि अर्थमध्ये. भरपूर पेटला तर अर्थ खरा, मिणमिणला तर अर्थच्या पट्टीपर्यंत काहीतरी सुटलंय किंवा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय. घरात आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताक्षणी तो पडणार, ३० मिलिअँपला पडायचं त्याचं काम आहे आणि ६० वॅटचा बल्बसुद्धा पाव अँपिअरच्या वर ओढतो. पडला म्हणजे बिघाड नाही, अर्थ पोचतोय आणि आरसीसीबी काम करतोय असा अर्थ.

उपाय म्हणजे मीटरपेटीपासून किंवा नव्या बोर्डाकडून तांब्याची हिरवी वायर जुन्या बोर्डापर्यंत ओढायची. आणि निषाद, आरसीसीबी नसेल तर याच वेळी बसवून घ्या, घरात मुलं आहेत. तोवर पीसीच्या पत्र्याला ओल्या हाताने, अनवाणी हात लावू नका.

कोथरूडची_मी

याच धाग्यात विचारते, नवीन काढत नाही. माझं घुमत बिमत काही नाही पण नवीन इयरफोन घेतले, कानात खोल जाणारे, ते अँपला लावले की सतत शूऽऽ येतं, पावसाच्या लांबच्या आवाजासारखं. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी तेवढंच. मोबाईलच्या छोट्या डॉंगलला लावले तर काहीच नाही. मोठे हेडफोन त्याच अँपवर शांत. माझं पण अर्थिंग?

हेडफोनवेडा

नाही ताई, तुमचं वेगळं आहे. ते शूऽऽ म्हणजे अँपची स्वतःची खरखर, सगळ्याच अँपला असते. व्हॉल्यूम शून्यावरही तेवढीच म्हणजे ती बटणाच्या नंतरची, तारयंत्रांनी वर सांगितलेली चाचणी तुम्ही आपोआप केलीत. कानात जाणारे इयरफोन फार संवेदनशील असतात, टेबलावरच्या अँपला ३०० ओहमचे हेडफोनसुद्धा वाजवता यावेत म्हणून ताकद दिलेली असते आणि ती इयरफोनला नको तेवढी होते.

आधी अँपवर गेनचं (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारं) बटण आहे का बघा, असेल तर लो वर टाका. बहुतेक तेवढ्याने होईल. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम १०० वर ठेवा आणि अँपवरून कमी करा, उलटं करू नका. तरी राहिलं तर इयरफोनचा अटेन्युएटर मिळतो, सिग्नल कमी करणारा, जॅकच्या मध्ये लावायचा. नुसता रेझिस्टरवाला अडॅप्टर घेऊ नका, त्यातल्या त्यात एकापेक्षा जास्त ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर) असलेल्या इयरफोनचा सूर त्याने बदलतो कारण त्यांचा इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. नाहीतर इयरफोन डॉंगललाच लावा, त्यात काही कमीपणा नाही, त्यांच्यासाठी तेच योग्य आहे.

कोथरूडची_मी

लो गेनवर टाकलं, गेलं! म्हणजे अगदी रात्री कान देऊन ऐकलं तर आहे. चालेल. थँक यू.

निषाद_कोमल

अपडेट. वायरमन येऊन गेले. बोर्ड उघडला आणि फेज_न्यूट्रल म्हणाले अगदी तसंच, वरच्या भोकाला मागे काहीच नाही, स्क्रू सुद्धा कधी फिरवलेला नव्हता. स्वयंपाकघरातला फ्रिज पण त्याच जुन्या वायरिंगवर निघाला, म्हणून तिथेही हिरवी वायर ओढून घेतली, फ्रिजच्या दाराला कधीकधी मुंग्या यायच्या ते आई कितीतरी वर्षं सांगत होती. न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट आला, बल्ब पूर्ण पेटला. मग आरसीसीबी बसवला आणि टेस्टचं बटण दाबून पाडून दाखवला.

कॅबिनेटच्या झिणझिण्या बंद. घुमणारा आवाज ऐकायच्या व्हॉल्यूमला गेला. गाणं न लावता बटण पूर्ण वर नेलं तर पुसटसा आहे.

पण माउसची किरकिर तशीच आहे, उलट घुमणं गेल्यामुळे जास्त जाणवते. गेम चालू केला की शिट्टी.

तारयंत्र

आईंच्या फ्रिजचं झालं हे फार बरं झालं.

आता जे उरलंय तो खरा ग्राउंड लूप. पीसीला अर्थ आहे, अँपला अर्थ आहे, दोघांना यूएसबी आणि आरसीएने परत एकदा जोडलंय. ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टवर कधी एखाद-दोन अँपिअर ओढतं तर कधी वीस, आणि स्क्रीनवर काही हललं की तो ओढा क्षणाक्षणाला बदलतो. इतका करंट मदरबोर्डच्या ग्राउंडमधून जाताना तिथे थोडं थोडं व्होल्टेज पडतं, त्यामुळे यूएसबीच्या पोर्टचा ग्राउंड आणि पेटीचा ग्राउंड एकाच पातळीवर राहात नाहीत. तो फरक यूएसबीच्या केबलमधून, मग आरसीएच्या शिल्डमधून फिरतो. माउस हलला, चित्र बदललं, करंट बदलला, तुम्हाला ऐकू आला. समोरच्या पॅनेलच्या जॅकला हेडफोन लावले तरी असंच होतं कारण ती वायर ग्राफिक्स कार्डच्या शेजारून जाते.

आधी फुकटातलं करा. अँपला लांब कॉर्ड घ्या आणि पीसीच्याच एक्स्टेंशनवर लावा, आता तिथे अर्थ आहे. उरलेलं घुमणं बहुतेक जाईल कारण लूप खोलीभर पसरलेला होता तो टेबलाएवढा होईल. किरकिर थोडीच कमी होईल.

किरकिरीसाठी तारेचं नातंच तोडायला हवं आणि तुमच्याकडे त्याची सोय आहे. डॅकला ऑप्टिकल इनपुट आहे म्हणालात. मदरबोर्डच्या मागे चौकोनी झाकणाचं भोक आहे का, आत लाल उजेड दिसतो? तोशिबाने १९८३ मध्ये काढलेली टॉसलिंक. प्लॅस्टिकच्या धाग्यातून नुसता उजेड जातो, धातू कुठेच नाही, त्यामुळे पीसीचा ग्राउंड काहीही करो. मात्र डॅकची यूएसबी पीसीतून पूर्ण काढायची, पॉवरपुरती ठेवली तरी लूप तसाच राहतो, इथे खूप लोक फसतात. पॉवर मोबाईलच्या चार्जरवरून द्या. दोन पिनांच्या चार्जरमधूनही थोडी गळती असते, लॅपटॉपच्या चार्जरची बारीक खरखर तुम्ही ऐकलीत ती तीच, म्हणून घरात आहेत ते दोन-तीन लावून बघा आणि सगळ्यात शांत असेल तो ठेवा.

टॉसलिंकवर २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत बिनधास्त चालतं, १९२ सगळीकडे चालेलच असं नाही. तुमची जुनी रेकॉर्डिंगं ४४.१ ची असणार, काही अडणार नाही.

लिनक्सवाला

मदरबोर्डला ऑप्टिकल नसेल तर यूएसबी आयसोलेटर हा मार्ग आहे पण घेण्याआधी आतली चिप बघा. स्वस्तातल्या बहुतेकांमध्ये एडीयूएम ४१६० असते, ती १२ मेगाबिटपर्यंतच चालते. आताचे बरेचसे डॅक ४८० मेगाबिटच्या हाय स्पीडवर चालतात, ते तिच्यावर एकतर दिसत नाहीत किंवा ९६ किलोहर्ट्झच्या वर जात नाहीत. हाय स्पीडसाठी एडीयूएम ४१६५ किंवा ४१६६ वाला शोधा, महाग आहे.

आणि कुणाला घुमणं नाही, शिट्टी नाही, पण मधे मधे तडतड किंवा आवाज तुटणं असेल तर तो विजेचा प्रश्न नाही. विंडोजवर लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर आवाज अडवतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा, बऱ्याचदा वायफायचा ड्रायव्हर निघतो, आणि आवाजाचा बफर (आधीच साठवून ठेवलेला डेटा) वाढवा. सतत एकाच उंच सुरातली बारीक शिट्टी असेल, माउसने न बदलणारी, तर ती १ किलोहर्ट्झ किंवा ८ किलोहर्ट्झला आहे का ते ऑडासिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करून स्पेक्ट्रममध्ये बघा. यूएसबी आपली पाकिटं सेकंदाला १००० किंवा ८००० वेळा पाठवते, तोच सूर डॅकच्या पॉवरमध्ये शिरतो. तिथे वेगळी पॉवर असलेला यूएसबी हब कधी कधी कामाला येतो.

निषाद_कोमल

ऑप्टिकल होतं मदरबोर्डला, लाल उजेड दिसला! केबल आणली, यूएसबी काढली, डॅकला मुलाच्या जुन्या फोनचा चार्जर लावला तर बारीक खरखर आली, मग माझ्या फोनचा लावला, शांत. अँप पण एक्स्टेंशनवर आणला. बटण पूर्ण वर, मुलाला मुद्दाम गेम चालू करायला लावला, काही नाही. फक्त ते शूऽऽ, आणि तेही ऐकायच्या व्हॉल्यूमला नाही.

एक मैफिल लावली, सुरुवातीला तंबोरा जुळवताना मागे कुणीतरी श्रोता खाकरतो आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो. ते रेकॉर्डिंग कॉलेजपासून ऐकतोय, खुर्ची आज पहिल्यांदा ऐकली.

सगळ्यांचे आभार, विशेषतः फेज_न्यूट्रल आणि तारयंत्र.

विदर्भातून

धागा वाचून काढला, खूप कामाचा आहे. माझं एक राहिलं. घरात सगळं शांत असतं पण लाईट गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला की अँप घुमतो, हेडफोनमध्ये पण आणि पेटीतूनसुद्धा. उन्हाळ्यात आमच्याकडे हे रोजचं आहे. इन्व्हर्टर जुना आहे, अर्थिंग चांगलं आहे, तपासलेलं.

तारयंत्र

जुना म्हणजे स्क्वेअर वेव्हचा असणार. महावितरणची वीज गोलाईने वरखाली होते, स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर ती सरळ उभ्या भिंतीसारखी वरखाली करतो. त्यामुळे १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे विषम हार्मोनिक भरपूर येतात. अँपमधला ट्रान्सफॉर्मर त्याने स्वतः थरथरतो, तो पेटीतून येणारा आवाज, आणि त्या उभ्या कडा कपॅसिटरांमधून सहज पार होतात, तो हेडफोनमधला. फिल्टर लावून फारसं साधत नाही. इन्व्हर्टर बदलायची वेळ येईल तेव्हा प्युअर साइन वेव्हचा घ्या, बॅटरी चांगली असेल तर तीच चालेल, फक्त व्होल्टेज जुळतंय का बघा. तोवर लाईट गेली की मोबाईल आणि डॉंगलवर ऐका, बॅटरीवरचं असल्यामुळे त्यात घुमायला काही नाही.

फेज_न्यूट्रल

सहमत. आणि विदर्भातून, फ्रिज त्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर घेतलेला असेल तर तो आधी काढा, कंप्रेसर गरम होतो त्यावर.